मुलांमधला सिलिॲक: नागपूरच्या घरासाठी पायरीपायरीने

डॉक्टरांनी नुकतंच "सिलिॲक असू शकतो, तपासून घेऊ" म्हटलंय, किंवा लेकराचं वजन का वाढत नाही हे कळेनासं झालंय, अशा आईबाबांसाठी हे लिहिते आहे. माझी लेक हाच आजार घेऊन वाढते आहे आणि आम्ही नागपूरचेच. त्यामुळे इथे क्विनोआचं सॅलड नाही, आपल्या इथली चक्की, हिंग आणि तान्हा पोळा आहे.

माझं म्हणणं आधीच सांगते. मुलाला काय खाऊ घालायचं हा आपल्याकडे फार मोठा प्रश्न नाही. आपल्या पूर्वेला भंडारा-गोंदियाचा तांदूळ पिकतो, पश्चिमेला वऱ्हाडातली ज्वारी, आणि नागपूरच्या ताटात दोन्ही येतात. कस लागतो तो दुसरीकडेच. तपासण्या पूर्ण होईपर्यंत गहू सोडायचा नाही, आणि एकदा सोडला की पिठाचा कणही तोंडात जाऊ द्यायचा नाही. ही दोन कामं जमली की बाकीचं अंगवळणी पडतं.

आजार काय आहे, थोडक्यात

गहू, जव म्हणजे बार्ली, आणि राय (मोहरी नव्हे, गव्हासारखंच एक धान्य) यांच्यात ग्लुटेन नावाचं प्रथिन असतं. सिलिॲक असलेल्या मुलाच्या पोटात ते गेलं की शरीराची संरक्षण यंत्रणा स्वतःच्याच लहान आतड्यावर उलटते. आतड्याच्या आतल्या बाजूला बोटांसारखे बारीक उंचवटे असतात. अन्नातला कस तेच शोषून घेतात. ते झिजून सपाट होतात. मग मूल खातं भरपूर, पण अंगी काही लागत नाही.

हा आजार जवळपास नेहमी त्याच मुलांना होतो ज्यांच्यात एचएलए डीक्यू२ किंवा डीक्यू८ ही जनुकं असतात. ही जनुकं पुष्कळ लोकांत असतात आणि त्यातल्या बहुतेकांना काहीच होत नाही, म्हणून "आमच्या खानदानात कोणाला नाही" या बोलण्याला अर्थ नाही. गव्हाचा संबंध पक्का केला तो विलेम डिके या डच बालरोगतज्ज्ञाने. १९४४-४५ च्या हिवाळ्यात हॉलंडमध्ये उपासमार झाली, पाव मिळेनासा झाला, आणि त्यांच्याकडची आजारी मुलं त्या काळात उलट सुधारली. पाव परत आला तशी ती पुन्हा आजारी पडली.

हा पंजाब-दिल्लीकडचा आजार आहे असं अजून ऐकू येतं. त्यात तथ्य आहे, पण अर्धंच. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या भारतीय अभ्यासात उत्तरेत शंभरामागे साधारण एकाला, तर दक्षिणेत हजारामागे साधारण एकाला सिलिॲक आढळला. आपण मध्ये बसतो, आणि आपल्याकडे पोळी दोन्ही वेळा होते.

पुष्कळदा समजायला सोपं म्हणून याला "गव्हाची ॲलर्जी" म्हणतात. ॲलर्जीत काही मिनिटांत अंगावर गांधी उठतात, श्वास अडकू शकतो. सिलिॲकमध्ये तसं होत नाही, आतडं हळूहळू बिघडतं. आणि हा आजार जन्मभराचा आहे. मूल मोठं झालं की जाईल, असं कोणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका.

पायरी पहिली: शंका कधी घ्यायची

पुस्तकात असतं ते चित्र असं. सहाव्या महिन्यानंतर वरणात कुस्करलेली पोळी, बिस्किट, रव्याची खीर सुरू होते. काही महिन्यांनी शी पातळ, फिकट, चिकट आणि भयंकर वासाची होऊ लागते. पोट पुढे येतं, हातपाय काटकुळे राहतात. मुलाला उभं करून मागून बघा. कुल्ले सपाट झालेले आणि तिथली कातडी सैल लोंबणारी दिसली तर ती खूण फार बोलकी आहे. जोडीला किरकिर असते. नेहमी हसणारं मूल दिवसभर रडवेलं होतं, कडेवरून उतरत नाही.

पण आता असं ठळक चित्र कमीच दिसतं. मोठ्या मुलांत जुलाब नसतातही, उलट बद्धकोष्ठ असतो. कोणाची उंची वर्गात सगळ्यात कमी राहते. कोणाला तोंड वारंवार येतं, कोणाच्या कायमच्या दातांवर डाग किंवा खाचा पडतात, कोणी वयात उशिरा येतं. आणि एक खूण मी ठळक करून सांगेन: लोहाचं औषध नियमाने देऊनही हिमोग्लोबिन वर न येणं. आतडं लोह शोषूच शकत नाही, तर बाटल्या बदलून काय होणार?

आपल्या भागात इथेच घोळ होतो. विदर्भात हिमोग्लोबिन कमी दिसलं की आधी सिकलसेल बघतात, आणि ते बरोबरच आहे. पोट मोठं आणि मूल वाळलेलं दिसलं की जंत किंवा पोटाचा टीबी मनात येतो, तेही चुकीचं नाही. हे सगळं तपासून निगेटिव्ह आलं, जंताचं औषध देऊन झालं, तरी मूल तिथल्या तिथेच असेल, तर डॉक्टरांना सरळ विचारा, "सिलिॲकची तपासणी करायची का?" कुठलाही चांगला बालरोगतज्ज्ञ या प्रश्नाने रागावत नाही.

जाताना लसीकरणाचं कार्ड न्या. वजनाचा आलेख आधी चढत होता आणि मग आडवा झाला, हे कागदावर दिसतं तेव्हा आईच्या "खातच नाही हो" पेक्षा त्याचं वजन जास्त पडतं. आधी वजन थांबतं, उंची नंतर.

काही मुलांची तपासणी त्रास नसतानाही करून घ्यावी: टाइप १ मधुमेह असलेली, थायरॉईडचा ऑटोइम्यून (म्हणजे संरक्षण यंत्रणा स्वतःवरच उलटण्याचा) आजार असलेली, डाऊन सिंड्रोम किंवा टर्नर सिंड्रोम असलेली, आणि घरात सिलिॲक निघालेल्यांची सख्खी भावंडं.

पायरी दुसरी: गहू बंद करू नका, अजून नाही

हे वाचून अनेकांना नवल वाटेल. शंका आली की शेजारच्या काकू म्हणतात, "गहू बंद करून बघा, माझ्या भाच्याला फरक पडला." बंद केला की खरंच फरक पडतो. मग डॉक्टर तपासणी सांगतात आणि ती निगेटिव्ह येते, कारण रक्तातली प्रतिपिंडं, म्हणजे संरक्षण यंत्रणा तयार करते ती प्रथिनं, गहू पोटात असेपर्यंतच सापडतात आणि आतडंही भरून येऊ लागलेलं असतं. आता जन्मभराचं पथ्य कशाच्या आधारावर पाळायचं? लग्नाच्या पंगतीत, होस्टेलवर, "तुला खरंच आहे का?" या प्रश्नाला त्या मुलाकडे उत्तर नसतं.

मग उत्तर मिळवायला गहू परत सुरू करावा लागतो, रोज साधारण एक पोळी, कित्येक आठवडे, आणि मुलाचे हाल पुन्हा बघावे लागतात. पाच वर्षांखालच्या मुलांत आणि वयात येण्याच्या काळात डॉक्टर हा प्रयोग शक्यतो टाळतात. म्हणून रक्त देऊन होईपर्यंत आणि दुर्बिणीची तपासणी लागणार असेल तर ती होईपर्यंत पोळी चालू ठेवा. जिवावर येतं, कळतं मला. तारीख लवकरची मागा, पण गहू सोडू नका. मूल फारच खालावलेलं असेल, पाणी कमी पडण्याइतके जुलाब असतील, तर घरी थांबू नका. दवाखान्यात भरती करून काय आधी आणि काय नंतर ते डॉक्टर ठरवतील.

पायरी तिसरी: रक्त, मग दुर्बीण

पहिली तपासणी टीटीजी-आयजीए नावाची, साधी रक्ताची. आयजीए हा प्रतिपिंडाचा एक प्रकार. सोबत एकूण आयजीए किती आहे तेही बघायला सांगा. काही मुलांच्या अंगात आयजीए मुळातच फार कमी असतं, आणि तेव्हा टीटीजी-आयजीए नॉर्मल आली तरी तिला किंमत नसते. अशा मुलांसाठी आयजीजी या दुसऱ्या प्रकारच्या प्रतिपिंडावर आधारलेल्या वेगळ्या चाचण्या आहेत. उपाशीपोटी जायची गरज नाही.

रिपोर्ट हातात आला की नुसता आकडा शेजारणीच्या रिपोर्टशी लावून बघू नका. प्रत्येक लॅबचं किट वेगळं, मर्यादा वेगळी. आपला आकडा त्याच कागदावर छापलेल्या मर्यादेच्या किती पट आहे ते बघायचं. युरोपातल्या २०२० च्या मार्गदर्शनानुसार तो दहा पट किंवा त्याहून जास्त असेल आणि दुसऱ्या वेळच्या रक्तात ईएमए ही चाचणीही पॉझिटिव्ह आली, तर दुर्बिणीशिवाय निदान करता येतं. आपल्याकडे बरेच डॉक्टर तरीही बायोप्सीचा, म्हणजे दुर्बिणीतून आतड्याचे तुकडे घेऊन तपासण्याचा, आग्रह धरतात. आजार जन्मभराचा असल्यामुळे मला तो आग्रह पटतो.

दुर्बिणीच्या नावाने घाबरू नका. मुलाला झोपेचं औषध किंवा भूल देतात, तोंडावाटे बारीक नळी लहान आतड्याच्या सुरुवातीपर्यंत जाते, आणि तिथले चार-पाच बारीक तुकडे घेतात. टाके नाहीत, चिरा नाही. काही तास उपाशी ठेवावं लागतं, आणि लहान मुलासाठी तोच सगळ्यात अवघड भाग असतो, म्हणून सकाळची पहिली वेळ मागून घ्या. रिपोर्टवर "मार्श ३" असं काही लिहून येतं. उंचवटे किती झिजलेत, त्याची ती श्रेणी आहे.

खर्चाची अडचण असेल तर मेडिकल, मेयो किंवा मिहानमधलं एम्स या सरकारी रुग्णालयांच्या बालरोग ओपीडीत दाखवा आणि कोणती तपासणी तिथेच होते, कोणती बाहेरून करावी लागते, हे पहिल्याच दिवशी विचारून घ्या. दुर्बिणीसाठी लहान मुलांची एंडोस्कोपी नेहमी करणारे पोटविकारतज्ज्ञ बघा.

पायरी चौथी: घर

निदान पक्कं झालं. आता गहू बंद, आणि तो थोडा कमी नाही, पूर्ण.

"एवढ्याशा घासानं का होते बापा?" हा प्रश्न घरात येणारच, बहुतेक आजीकडून, आणि मायेपोटीच. त्यावर चिडण्यापेक्षा हिशेब सांगा. एका मध्यम पोळीत साधारण अडीच ग्रॅम ग्लुटेन असतं. सिलिॲक असलेल्याने दिवसाला १० मिलिग्रॅमच्या आत राहावं असं मानतात. म्हणजे एका पोळीचे अडीचशे तुकडे केले तर त्यातला एक. रोज ५० मिलिग्रॅम पोटात गेलं तर तीन महिन्यांत आतड्यावर परिणाम दिसतो. आणि त्रास दिसला नाही म्हणजे आत काही झालं नाही, असंही नाही. हा हिशेब ज्या आजीला कळतो ती पुढे घरातली सगळ्यात कडक पहारेकरी होते.

आता चक्की. ज्वारीचं दळण चक्कीवर टाकलं आणि आधी कोणाचे गहू दळून झाले असतील, तर तुमची भाकरी गव्हाची झालीच म्हणून समजा. आधी दोन किलो ज्वारी फिरवून मग आपलं दळून घ्या, असा उपाय काही जण सांगतात. पण पातं, जाळी, पिशवी, चक्कीवाल्याचे हात, हवेतलं पीठ, सगळीकडे गहूच असतो. खात्रीचा मार्ग म्हणजे घरघंटी, आणि तिच्यात गहू कधीच नाही. परवडत नसेल तर ओळखीतल्या अशाच दुसऱ्या घरासोबत मिळून घ्या. अगदी लहान मुलाचं दळण कितीसं? नवीन मिक्सरचं वेगळं भांडं आणि नवीन चाळणी यावरही सुरुवातीला भागतं.

दळण्याआधी धान्य निवडणं आलंच. इतवारीतून किंवा कळमन्यातून आणलेल्या सुट्या ज्वारीत गव्हाचे दाणे हमखास असतात. मोठ्या ताटात पातळ पसरा. ज्वारीचा दाणा गोल आणि पांढुरका, गव्हाचा लांबट आणि मधोमध चीर पडलेला, त्यामुळे नजर बसली की पटकन दिसतो. निवडून झालं की दोन पाण्यांनी धुऊन गच्चीवर वाळवा. नागपूरचं ऊन एवढ्या कामाचं दुसऱ्या कुठल्या गोष्टीला येत असेल असं वाटत नाही. बेसनही सुटं आणू नका. हरभऱ्याची डाळ निवडून, धुऊन, वाळवून घरीच दळा.

हिंग. बहुतेकांना इथे धक्का बसतो. आपण वापरतो तो हिंग म्हणजे डिंक आणि पीठ मिसळून केलेला, आणि ते पीठ बहुतेक वेळा गव्हाचं असतं. वरणाला फोडणी, भाजीला फोडणी, लोणचं, पापड, फरसाण, चिवडा, सगळीकडे तो जातो. म्हणजे पोळी काढून टाकली आणि साधं वरण-भात दिला, तरी ग्लुटेन पोटात जातच राहिलं. तांदळाच्या पिठातला, डबीवर ग्लुटेन-फ्री लिहिलेला हिंग मिळतो. तो मिळेपर्यंत हिंग न घालता जिरं, ओवा, लसूण वापरा. आम्ही नंतर हिंग घरातून काढलाच, कोणाला चुकल्यासारखं झालं नाही.

भांड्यांचं फार अवडंबर करायची गरज नाही. स्टीलची भांडी नीट घासली की पुरे. वेगळ्या लागतात त्या वस्तू ज्यांच्या फटीत पीठ अडकतं: लाकडी पोळपाट-लाटणं, चाळणी, लाकडी उलथनं, लोखंडी तवा, टोस्टर. तळणीचं तेल वेगळं, कारण ज्या तेलात पुऱ्या तळल्या त्यात तळलेला साबुदाणा वडाही बाद. घरात बाकीच्यांसाठी पोळ्या होत असतील तर मुलाचा स्वयंपाक आधी करून झाकून ठेवा, मग कणीक बाहेर काढा. तुपाच्या आणि लोणच्याच्या बरणीत पोळीचे कण पडलेला चमचा जातो, म्हणून मुलाचं तूप-लोणचं वेगळं. डब्यांवर रंगीत टेप लावा, कामाला येणाऱ्या मावशींनाही विचारावं लागत नाही.

आणि मूल ओट्यापाशी येऊन रडायला लागलं की त्याच्या हाती कणकेचा गोळा देतो ना आपण, खेळायला? तो आता नाही. तांदळाच्या उकडीचा द्या. शाळेत खेळायला देतात त्या रंगीत मातीतही काही वेळा गव्हाचं पीठ असतं.

पायरी पाचवी: ताटात काय

तांदूळ, ज्वारी, बाजरी, नाचणी, मका, भगर, राजगिरा, साबुदाणा, शिंगाडा, सगळ्या डाळी, भाज्या, फळं, दूध, अंडी, मांस-मासे. ही यादी लांब आहे, ती आईबाबांनी सारखी डोळ्यांपुढे ठेवावी.

आपला गोळाभात, झुणका-भाकरी, मोकळी डाळ, पाटोडीचा रस्सा, कढी, ज्वारीची आंबील, हिंग आणि बेसन खात्रीचं असलं की सगळं चालतं. तर्री-पोहे घरी करा. पोहे चालतात, हरभऱ्याची तर्री चालते, वरचं फरसाण आणि ठेल्यावरची फोडणी चालत नाही. उपासाची यादी तर जवळपास तयार पथ्यच आहे. घाईच्या दिवशी भगर आणि शेंगदाण्याची आमटी करून टाकायची, मूल पोटभर जेवतं.

डब्यातली भाकरी दुपारपर्यंत कडक होते ही सगळ्यांची तक्रार. उकळत्या पाण्यात पीठ घालून उकड काढा, कोमट असताना भरपूर मळा, थोडं तांदळाचं पीठ किंवा उकडलेला बटाटा मिसळा. तव्यावरून काढली की तूप लावून कापडात गुंडाळा. लहान हाताच्या मापाच्या छोट्या भाकरी करा, मुलं जास्त खातात. मुगाची धिरडी, इडली, तांदळाच्या पिठाची थालीपिठं हे बदलासाठी.

नुसत्या भातावर मात्र मूल ठेवू नका. पोट भरतं, पण लोह, कॅल्शियम, तंतू कमी पडतात. नाचणी, तीळ, चवळीची भाजी, अंडं, फुटाणे-गूळ फिरवत राहा. सुरुवातीच्या काही आठवड्यांत दुधाने जुलाब वाढू शकतात, कारण दूध पचवणारं द्रव्यही त्याच झिजलेल्या थरात तयार होतं. थोडे दिवस दही-ताक द्या, आतडं भरलं की दूध परत सुरू होतं. लोह, डी जीवनसत्त्व, कॅल्शियम किती आणि किती दिवस, ते डॉक्टर रक्त बघून ठरवतील.

आता फसवणारे पदार्थ. कुरडया, शेवया आणि सरगुंडे गव्हाचेच. रोडगे अर्थातच. सांबारवडीच्या पारीत बेसनाबरोबर मैदा किंवा कणीक असते. थालीपिठाच्या भाजणीत बहुतेक घरी गहू पडतो. उन्हाळ्यातलं सातूचं पीठ म्हणजे गहू किंवा जव आणि डाळं. आलूबोंडा बेसनाचा, पण कढई समोशा-कचोरीची. सावजीचा रस्सा कशाने घट्ट केलाय हे विचारल्याशिवाय नको. आणि खपली गहू, सेंद्रिय गहू, जुना देशी गहू यांची हल्ली फार जाहिरात चालते. या सगळ्यांत ग्लुटेन आहे. "खपली चालतो" असं सांगणारे दुकानदार आणि नातेवाईक दोघंही भेटतील, दोघांनाही नमस्कार करा आणि पुढे चला.

ओट्समध्ये गव्हासारखं ग्लुटेन नसतं, पण बाजारातल्या साध्या ओट्समध्ये गव्हाची भेसळ झालेली असते. पहिलं वर्ष टाळलेलेच बरे.

पाकीट कसं वाचायचं

पाकिटावर गहू, मैदा, रवा, बार्ली, माल्ट (तो सहसा बार्लीचाच), माल्ट एक्स्ट्रॅक्ट यातलं काहीही दिसलं की परत ठेवा. दुधात घालायच्या अनेक पावडरी आणि कॉर्नफ्लेक्स माल्टमुळेच बाद होतात. नुसत्या नाचणीचं घरी केलेलं सत्त्व मात्र चालतं. सोया सॉसमध्ये गहू असतो, म्हणून बाहेरचं चायनीज नाही. "मल्टीग्रेन आटा" म्हणजे बहुतांशी गहूच, आणि बाजारातल्या पुष्कळशा नाचणी बिस्किटांत नाचणीपेक्षा मैदा जास्त असतो. समोरचं चित्र बघू नका, मागची बारीक अक्षरं वाचा. ग्लुटेन असलेलं धान्य वापरलं असेल तर ॲलर्जीच्या सूचनेत ते लिहिणं बंधनकारक आहे. एफएसएसएआय या अन्नसुरक्षेच्या सरकारी संस्थेच्या नियमाप्रमाणे "ग्लुटेन-फ्री" म्हणजे किलोमागे २० मिलिग्रॅमच्या आत. "व्हीट-फ्री" ही निराळी गोष्ट झाली, त्यात बार्ली असू शकते. औषधाच्या बाबतीतही विचारा, विशेषतः माल्टवाल्या टॉनिकबद्दल.

पायरी सहावी: शाळा, सण, पंगत

शाळेला तोंडी सांगून भागत नाही, वर्गशिक्षिका बदलतात. एक चिठ्ठी लिहून वहीच्या पहिल्या पानाला चिकटवा. आमची साधारण अशी आहे: "मॅडम, हिला सिलिॲक आहे. गहू, मैदा, रवा, बिस्किट, केक, इतरांच्या डब्यातलं काहीही देऊ नये. घरचा डबा आणि सोबतच्या डबीतला खाऊच द्यावा. चुकून खाल्लं तर रागावू नये, आम्हाला फोन करावा. पोट दुखतं म्हणाली तर लगेच बाथरूमला सोडावं." शेवटची दोन वाक्यं गाळू नका. रागावतील या भीतीने मुलं लपवतात. वर्गातल्या वाढदिवसांसाठी मॅडमकडे राजगिऱ्याचे लाडू, शेंगदाण्याची चिक्की असा खाऊ आधीच देऊन ठेवा. अंगणवाडीतल्या मुलांसाठी घरपोच आहाराच्या पाकिटात गहू असू शकतो, पाकीट वाचून घ्या आणि ताईंना सांगून ठेवा.

तान्ह्या पोळ्याला मुलं लाकडी बैल घेऊन घरोघरी जातात आणि हातात बिस्किटं, चॉकलेटं पडतात. मुलाला घरी बसवू नका, त्याच्या बैलासकट पाठवा. नेहमीच्या चार घरी आदल्या दिवशी आपणच चिक्कीची पुडी नेऊन ठेवा, "हा आला की हेच द्या" म्हणून. बाकी जे जमेल ते घरी आल्यावर आपल्याकडच्या खाऊशी बदलून घ्यायचं, हा करार आधीच ठरलेला असावा. महालक्ष्म्यांच्या जेवणात पुरणपोळी नाही, पण नुसतं पुरण तुपासोबत चालतं, आंबील चालते, भात चालतो. फक्त मुलाचं पान सगळ्यात आधी, वाढप सुरू व्हायच्या आत काढून ठेवायला सांगा. एकदा पोळीचा हात पुरणाच्या पातेल्यात गेला की मग उपयोग नाही. सत्यनारायणाचा शिरा रव्याचा, त्यामुळे प्रसादाला केळं किंवा साखर. देवाला चालतं, भटजींनाही चालतं, आक्षेप पाहुण्यांनाच असतो.

लग्नाला जाताना मुलाला घरी जेवू घालून न्या आणि डबा सोबत ठेवा. डोशाचा काउंटर सुरक्षित वाटतो, पण तोच तवा परोठ्यांचाही असतो. आइस्क्रीम कपात घ्या, कोनमध्ये नाही, आणि त्यात बिस्किटाचे तुकडे नसलेलं.

चार-पाच वर्षांच्या मुलाला स्वतःला "यात गहू आहे का?" विचारता आलं पाहिजे. हे शिकवायला लवकर लागा. आपल्या मागे-पुढे न फिरता ते खेळायला जाऊ शकतं ते यामुळेच.

चुकून पोटात गेलं तर

होणारच आहे कधीतरी. यावर उतारा म्हणून कुठलंही औषध नाही, आणि बाजारातल्या पाचक गोळ्यांनी ग्लुटेन मारता येत नाही. जुलाब-उलटी असेल तर ओआरएस, मऊ भात-ताक, विश्रांती. एखाद्या घासाने सगळी मेहनत वाया जात नाही. मात्र सतत उलट्या, सुस्ती, लघवी कमी होणं दिसलं तर डॉक्टरांकडे.

पायरी सातवी: पुढची तपासणी आणि भावंडं

पथ्य सुरू झालं की आधी किरकिर कमी होते, भूक उघडते. काही आठवड्यांत शी बांधून होते. वजन काही महिन्यांत वर येतं, उंचीला वर्ष-दोन वर्षं लागू शकतात, त्यामुळे दर आठवड्याला दाराच्या चौकटीवर रेघा मारून मुलाला वैताग देऊ नका. साधारण सहा महिन्यांनी टीटीजी परत बघतात, मग वर्षाने, पुढे वर्षातून एकदा. आकडा उतरायला हवा, नॉर्मलला यायला एक-दोन वर्षंही लागतात. उतरतच नसेल तर नवा आजार शोधण्याआधी घरात शोधा: हिंग, चक्की, सुटं बेसन, शेजारचा लाड. सोबत हिमोग्लोबिन, डी जीवनसत्त्व, थायरॉईड यावर डॉक्टर नजर ठेवतात.

सख्खी भावंडं आणि आईबाबा, सगळ्यांची एकदा टीटीजी करून घ्या, कोणाला काही त्रास नसला तरी. गहू खात असतानाच, हे इथेही लागू. भावंडाची निगेटिव्ह आली तर आज नाही एवढाच त्याचा अर्थ. दोन-तीन वर्षांनी परत करायची, आणि मध्येच वजन अडलं किंवा हिमोग्लोबिन घसरलं तर त्याच्या आधीच.